घोडीवरची संस्था

सहकार खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोण येणार ते विचारतो, नाहीतर खुर्ची सरकवून जरा लांब बसतो. आमचं काम नेमकं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा न विचारताच सांगतो.

वेगवेगळ्या घरांतली दहा माणसं एकत्र आली, कशासाठी आलो ते त्यांनी लिहून दिलं, आपले नियम ठरवले, की सहकारी संस्था काढता येते. तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आम्ही त्यांना नोंदणी क्रमांक द्यायचा. पुढे संस्थेनं वर्षाला एक सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब तपासून घ्यायचे, वेळेवर निवडणूक करायची. संस्थेला एक पत्ता हवा आणि त्या पत्त्यावर नावाचा फलक हवा. यातलं काही चुकलं की आम्ही नोटीस देतो आणि फारच चुकलं तर नोंदणी रद्द करतो. थोडक्यात, जन्माचा दाखलाही आम्हीच द्यायचा आणि मृत्यूचाही.

या कामात माणसं फार गमतीची भेटली. सिरसाळ्याकडच्या एका संस्थेचे अध्यक्ष गोल शिक्का करदोट्याला बांधून ठेवत. का, तर आपण गावाला गेलो की उपाध्यक्ष परस्पर सभा बोलावतो अशी त्यांना धास्ती. आंघोळसुद्धा शिक्क्यासकट. त्यांच्या पोटावर संस्थेचं नाव निळ्या शाईत उमटलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नोंदणी क्रमांकही स्पष्ट वाचता येत होता.

पण मला सांगायची आहे ती आष्टीतली हकिगत. तिथं मी रुजू झालो तेव्हा कार्यालयात अजून एका जुन्या प्रकरणाची कुजबुज चालायची. ऊसतोड मजुरांची एक संस्था होती. तपासणीला माणूस गेला तो ऐन हंगामात. सगळी वस्ती कारखान्यांवर गेलेली, दाराला कुलूप. नियमाप्रमाणे नोटीस दारावर चिकटवली, मुदत संपली, ‘संस्था पत्त्यावर आढळून आली नाही’ म्हणून नोंदणी रद्द. मंडळी परत आली तेव्हा दारावर नोटिशीचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता, बाकी शेळीनं खाल्ली होती. त्यांची संस्था पुन्हा कधी उभी राहिली नाही. यात कुणी लबाडी केली नव्हती, हेच मला जास्त लागलं. लोकांनी एकत्र येऊ नये असं कुणाला वाटत असेल तर त्याला बंदी घालावी लागत नाही. घरी बसणाऱ्यांसाठी केलेला नियम फिरणाऱ्यांना लावला की झालं. जगात इतर ठिकाणीही संस्था, मंडळं, संघटना अशाच पत्त्यापायी आणि कागदापायी बंद पडतात, असं पुढे वर्तमानपत्रात वाचलं आणि मला आष्टीचं ते दार आठवलं.

तर मूळ गोष्ट. आष्टीपासून तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या पोटाशी मेंढपाळांची एक वस्ती आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण यात एक तात्या आहेत आणि त्यांचे पुतणे दिवाळी अंक वाचतात. वस्तीवरच्या मेंढपाळांनी संस्था काढली होती. लोकर सगळ्यांची मिळून विकायची, व्यापाऱ्याला एकेकट्यानं गाठू द्यायचं नाही, एवढा साधा उद्देश. सरकारनं संस्थेला गायरानातला एक तुकडा दिला होता. त्यावर लोकर ठेवायला पत्र्याची खोली, एक विहीर आणि मेंढरांना पाणी पाजायला लांबलचक हौद. चांगल्या वर्षी आसपासच्या सगळ्या वस्त्यांची मेंढरं त्या हौदावर येत.

संस्थेच्या अध्यक्ष गिरजाबाई. त्यांचे यजमान धुळाजी चांगले धडधाकट, पण संस्थेत साधे सभासद. पहिल्या भेटीत मी जरा चाचरतच विचारलं की अध्यक्षपदी बाई कशा? धुळाजींनी सरळ सांगितलं, “आमच्यात जिची हाक लांब जाती, तिचं ऐकायचं असतं. सकाळी वाडा हालवायचा तर सांगनार कोन? ही. मग संस्था कावून दुसऱ्याकडं द्यावी?”

वाडा म्हणजे त्यांचा फिरता मुक्काम. मेंढरांभोवती जाळ्या लावायच्या, शेजारी बिऱ्हाड. पुरुष आणि पोरं मेंढरांमागे रानभर पांगलेली, आणि घोड्यांवर संसार लादून बायका पुढच्या मुक्कामाला. सगळा कारभार हाकेवर चालतो. एकीनं हाक दिली की जवळचा ती उचलतो, पुढच्याला देतो आणि शेवटच्या माणसाचा ‘हाय!’ त्याच वाटेनं परत येतो. तो ‘हाय’ आल्याशिवाय घोडी हलत नाही.

त्या वर्षी पाऊस असा नव्हताच. विहिरीनं तळ दाखवला आणि पोळ्याच्या आधीच वाडा गोदावरीकडे निघाला. मागं राहिली पत्र्याची खोली आणि कोरडा हौद. तात्यांनी हीच वेळ साधली. तात्या गावचे पुढारी, खडी क्रशरचे मालक, बोलायला गोड माणूस. संस्थेचा तुकडा रस्त्याला लागून होता आणि तात्यांना तिथं पेट्रोल पंप दिसत होता. संस्था रद्द झाली की जागा पंचायतीकडे परत जाणार आणि पंचायत तात्यांच्या खिशात. त्यांनी रीतसर अर्ज केला, की ही संस्था बोगस आहे, पत्त्यावर कुणी नाही, वार्षिक सभा नाही, फलकसुद्धा नाही.

मी तपासणीला गेलो तेव्हा तात्या स्वतः हजर. थर्मासमधून चहा, वर केळी.

“बगा साहेब,” ते हात पसरून म्हणाले, “मी काय खोटं बोलतो का? संस्था कुटंय? दावा. मी आत्ता दरखास्त मागं घेतो.”

खोलीला कुलूप होतं, आणि हौदाजवळ तात्यांच्या क्रशरवरच्या खडीचा ढीग. दारावर फलकाच्या जागी चार खिळ्यांची भोकं. मी पंचनामा केला. दुसरं काय लिहिणार? तात्यांचा प्रत्येक शब्द खरा होता आणि तरी मला तो चहा गोड लागला नाही.

आमचे सहायक निबंधक नवे होते. पुण्याकडचे, तरुण, नियमाला एकदम कडक. पण कडक सगळ्यांना सारखेच. त्यांनी पंचनामा वाचला.

“सोमवारी सुनावणी ठेवतो,” ते म्हणाले. “नोटीस दारावर लावली ना?”

“लावली साहेब. पण ते लोक गोदाकाठी आहेत. शेळ्या वाचतील.”

“म्हणजे?”

मी ऊसतोडवाल्यांची हकिगत सांगितली. साहेबांनी पेन्सिलीनं दोनदा टेबल वाजवलं. मग म्हणाले, “तुम्हाला प्राधिकृत अधिकारी नेमतो. कमी मुदतीच्या सूचनेवर सभा घ्यायची परवानगी देतो. जा आणि शोधा. सोमवारपर्यंत सभेचं इतिवृत्त टेबलावर आलं तर विचार करू. नाही आलं तर रद्दचा आदेश मला काढावा लागेल. मग मला दोष देऊ नका.”

कार्यालयातले शिपाई गफूरभाई मूळचे गेवराईचे. त्यांची मोटारसायकल आणि माझी पिशवी अशी आमची शोधमोहीम निघाली. गेवराईच्या अलीकडे महामार्गावर प्रत्येक धाब्यावर गफूरभाई एकच प्रश्न विचारत, “आष्टीकडची मेंढरं देखलीत का?” आणि प्रत्येक धाबेवाला वेगळ्या दिशेला हात करी. दुपार टळायला आली. वाळूचे ट्रॅक्टर आमच्यावर धूळ उडवून जात होते. मला वाटायला लागलं, तात्या म्हणतात ते खरंच असेल, संस्था नाहीच.

तेवढ्यात गफूरभाईंनी करकचून ब्रेक दाबला. “साब, वो देखो. तुमची संस्था चाललीय.”

कच्च्या रस्त्यानं एक पांढरी घोडी चालली होती. पाठीवर जाळ्यांचा भारा, त्यावर भांडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर, सुतळीनं घट्ट आवळलेला पत्र्याचा फलक. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, ‘मर्यादित’ या शब्दासकट. एक कोंबडी सुटून ‘मर्यादित’वर बसली होती. मी रस्त्यात उभा राहून इतका हसलो की घोडी बिचकली.

घोडीचा कासरा गिरजाबाईंच्या हातात होता. मला बघून त्या चकित झाल्या.

“सायेब! तुमी हितं?”

“गिरजाबाई, फलक दारावर लावायचा असतो. काढून कशाला आणलात?”

“आता बया,” त्या म्हणाल्या. “संस्थेची फळी संस्थेच्या जागी पाहिजे, असं तुमच्या हापिसातनंच सांगतेत न्हवं? आता मानसं हितं, मेंढरं हितं, लोकर मेंढराच्या आंगावर हितं. तितं काय हाय? कुलूप. कुलपाला फळी कशाला?”

रोज मुक्कामाला त्या फलक उतरवून बाभळीला टांगत आणि सकाळी पुन्हा घोडीवर चढवत. दुसऱ्या कुठल्या संस्थेचा अध्यक्ष नियमाची इतकी काळजी घेताना मी पाहिला नाही. आणि नेमक्या त्या काळजीनंच त्यांची संस्था मरायला टेकली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. तात्यांचा अर्ज, सोमवार, जागा. हौदाचं नाव निघालं तसं त्यांनी मला मधेच थांबवलं. “हौद गेला तर माघारी जाऊन कुटं पाजावं सायेब? वाडा उन्हाळ्यात कुटंबी टाकू, पर घरी जायचं तर पानी लागतंय. आन ती हीर आमच्या मानसांनी खांदलीय.” त्यांचे डोळे भरून आले.

“सभा घेऊ,” मी म्हणालो. “उद्या सकाळी. सगळ्यांना बोलवा.”

तेव्हा गफूरभाई खाकरले. “साब, जमावबंदी है.”

मी ते विसरूनच गेलो होतो. पाण्याच्या टँकरवरून आणि वाळूवरून भांडणं नकोत म्हणून जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम लागू होता. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. एरवी अशा हुकमात सहकारी संस्थांच्या कायदेशीर सभांना सूट असते. त्या हुकमात ती ओळ नव्हती. टंकलेखकाकडून सुटली की कुणी गाळली, हे मला अजून कळलेलं नाही. वरून परवानगी आणायची तर आठवडा गेला असता. एक कायदा म्हणत होता, सभा घ्या, नाहीतर संस्था बंद. दुसरा म्हणत होता, सभा घेतलीत तर आत. मी डोक्याला हात लावून बसलो.

गिरजाबाईंनी डोळे पुसले. “किती जनांस्नी परवानगी हाय?”

“चार.”

“मग चार-चार हुबं राहू की. आमी रोज काय एका जागी असतो का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोदावरीच्या काठच्या मोकळ्या पडीक रानात, माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी सभा झाली. क्षेत्रफळानं मोठी म्हणतोय मी. इथं चौघं, पलीकडच्या बांधावर चौघं, चिंचेखाली चौघं, थेट नदीच्या उतारापर्यंत अशी टोळकी, आणि मधे मेंढरंच मेंढरं. बाभळीला फलक टांगलेला. मी विषय वाचायचा, गिरजाबाईंनी हाक द्यायची. हाक टोळक्या-टोळक्यातून पार शेवटपर्यंत जायची आणि मग तिकडून एकेक ‘हाय!’ परत यायचा. हजेरी झाली. हिशेबाला मंजुरी झाली. लोकर कुणाला विकायची यावर वाद झाला, तोही हाकेनं, आणि शेवटच्या टोळक्यातल्या एकानं दिलेली शिवी सहा तोंडांतून जशीच्या तशी अध्यक्षांपर्यंत पोचली. ती मी इतिवृत्तात घेतली नाही.

मधेच पोलिसांची गाडी आली. हवालदार उतरले आणि जवळच्या टोळक्यावर खेकसले, “कावून जमलात बे? हुकूम म्हाईत न्हाई का?”

“कुटं जमलोय?” धुळाजी शांतपणे म्हणाले. “आमी चारच हाव. बाकी मेंढरं हायेत.”

हवालदारांनी मोजलं. चारच. पुढच्या टोळक्याकडे गेले. तिथंही चार. ते मेंढरांतून वाट काढत पार उतारापर्यंत जाऊन आले आणि घाम पुसत माझ्यापाशी थांबले. मी ओळखपत्र दाखवलं.

“साहेब, खरं सांगा,” त्यांनी आवाज खाली आणला, “ही सभा हाय का न्हाई?”

“तुमच्या हुकमाप्रमाणे नाही. आमच्या नियमाप्रमाणे आहे.”

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि गाडीत बसून निघून गेले. जाताना हॉर्न तेवढा दोनदा वाजवला. तो विरोध होता की अनुमोदन, कोण जाणे. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सर्व उपस्थित सभासद एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हजर होते.’

सोमवारी सुनावणीला तात्यांनी बीडहून वकील आणला होता. हुशार माणूस. त्यानं एकच मुद्दा धरला. “सभा म्हणजे एका ठिकाणी जमणं. हे लोक जमले असतील तर यांनी जमावबंदी मोडली. जमले नसतील तर सभाच झाली नाही. दोन्हींपैकी काय ते यांनी सांगावं.”

मी इतिवृत्ताची पानं पुन्हा उलटून पाहिली. तात्या मिशीतल्या मिशीत हसत होते.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे वकीलसाहेब, सभा घेतली तर गुन्हा आणि न घेतली तर संस्था रद्द?”

“कायदा तसाच आहे साहेब.”

“हं. सभासद आलेत का?”

“निम्मे मेंढरांपाशी हायेत, निम्मे आलेत,” गिरजाबाई म्हणाल्या. “पर भाईर हायेत. चार-चार.”

“मग मला ही हाक ऐकायची आहे,” साहेब म्हणाले आणि खुर्चीतून उठून व्हरांड्यात आले. आम्ही सगळे मागोमाग. “पत्र्याची खोली, विहीर आणि हौद संस्थेनं सांभाळायचा आणि पुढंही संस्था चालवायची. हा ठराव मांडा.”

गिरजाबाईंनी पदर खोचला, एक हात कानाशी नेला आणि हाक दिली. कार्यालयाच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या असं गफूरभाई अजून सांगतात. त्यात थोडं त्यांच्या पदरचं आहे. फाटकापाशी चौघं होते, त्यांनी ती उचलली. मग चहाच्या टपरीवरून, मग बसस्टँडच्या बाजूनं, मग पार बाजाराच्या टोकाकडून हाक पुढे पुढे जात राहिली. आणि मग परत यायला लागली. “हाय!” “हाय!” “हाय!” रस्त्यावरची माणसं थांबली. टपरीवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही हातातली गाळणी उंचावून जोरात “हाय!” केलं.

वकील लगेच म्हणाले, “माझी हरकत आहे. तो सभासद नाही.”

“एक मत वजा करा,” साहेब मला म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसतच आत जाऊन त्यांनी आदेश सांगितला. सभासद एका विषयावर, एका वेळी, एकमेकांचं ऐकून मत देऊ शकत असतील तर ती सभा. संस्थेची नोंदणी कायम. पत्ता गावातलाच राहील, पण स्थलांतराच्या काळात वाडा जिथं असेल तिथं कार्यालय समजावं, अशी दुरुस्ती संस्थेनं उपविधीत, म्हणजे आपल्या नियमांत, करून घ्यावी. आणि फलक दोन करावेत, एक दारावर, एक घोडीवर.

तात्यांनी हार चांगली घेतली, हे कबूल करायला हवं. जाताना हात जोडून म्हणाले, “अक्का, आवाज लई दांडगा हाय तुमचा. पुढच्या इलेक्शनला आमच्या परचाराला या.”

“येते की,” गिरजाबाई म्हणाल्या. “पर आधी हौदाजवळची तुमची खडी उचला.”

पेट्रोल पंप पुढे तात्यांनी स्वतःच्याच रानात काढला. हुकमातली सुटलेली ओळ पुढच्या वर्षीच्या हुकमात परत आली. ऊसतोडवाल्यांची संस्था मात्र गेली ती गेलीच. त्यांच्यातल्या एकाला मी नंतर नव्यानं नोंदणी करा म्हणून सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आता दहा जन येका जागी कुटं गावायचे, सायेब?”

निवृत्तीनंतर मला सगळ्यात जास्त कशानं खाल्लं असेल तर या गोष्टीनं, की अख्ख्या दिवसात माझी हजेरी कुणी घेत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची हजेरी मोजली, आणि आता आपण घरात आहोत की नाही हे फक्त मांजराला ठाऊक. मागच्या हिवाळ्यात पाहुण्यांच्या लग्नाला गेवराईकडे चाललो होतो. महामार्गावर गाड्या अडल्या. मेंढरं रस्ता ओलांडत होती. ड्रायव्हर चिडला, मी मात्र काच खाली करून बाहेर डोकावलो. रस्त्याच्या पलीकडे, मेंढरांच्या पार त्या टोकाला, एक घोडी उभी होती आणि तिच्यावर निळा फलक.

शेजारी गिरजाबाई. केस पांढरे झालेले, काठी हातात. मी गाडीतून उतरून हात हलवला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मधे सगळा कळप, त्यांना येता येईना, मला जाता येईना. मग त्यांचा हात कानाशी गेला.

“सायेब, हाय का?”

मागे हॉर्न वाजत होते. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, “हाय!” आता माझा आवाज तो काय, पहिल्या चार मेंढरांपलीकडे गेला नसेल. पण कळपाच्या कडेला उभ्या असलेल्या एकानं तो उचलला, त्यानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पार पलीकडच्या टोकाला, घोडीपाशी, मला स्पष्ट ऐकू आलं.

“सायेब हाय!”

आणि घोडी हलली.